थेंबाथेंबाचा हिशेब : तुळशीबाग ते हमरापूर

पनवेल सोडले, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका मागे टाकला आणि खारपाड्याचा पूल ओलांडला, की मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेची दुकाने बदलतात. तोवर वडापाव, टायर आणि शहाळी. पुढे मात्र गणपती. पत्र्याच्या शेडखाली, बांबूच्या मांडवात, घराच्या ओटीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने मांडलेले पांढरेशुभ्र गणपती. अजून डोळे नाहीत, पीतांबर नाही, अंगावर रंगाचा ठिपका नाही. मागे खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली भातखाचरे आणि पुढे ही मूर्तींची रांग, असा हा मुलूख आहे. इथला माणूस भातही पिकवतो आणि गणपतीही घडवतो, आणि दोन्ही कामे एकाच घरातली माणसे करतात.

पेण तालुका रायगड जिल्ह्यात. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘कुलाबा जिल्हा’ येतो, कारण रायगड हे नाव १९८१ साली दिले गेले. पेणचे पोहे आणि पापड आपल्याकडच्या बायकांना ठाऊक असतात. गणपती तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पेण शहरात देवधर घराण्याचे नाव या कलेत आदराने घेतले जाते. पण आज कामाचा मोठा पसारा शहराबाहेर हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत आहे. तिथे कारखाना कुठला आणि घर कुठले हे पाहुण्याला ओळखता येत नाही. चुलीच्या खोलीला लागून साचे, न्हाणीशेजारी मूर्ती वाळत घातलेल्या, आणि माळ्यावर पुढच्या सालची तयारी.

इथून रंगवलेल्या मूर्ती तर बाहेर जातातच, अगदी परदेशातही जातात; पण न रंगवलेल्या, म्हणजे ‘कच्च्या’ मूर्तीही ट्रक भरभरून गावोगाव जातात. आपल्या तालुक्याच्या बाजारात श्रावणात जे गणपती दिसतात त्यातले कितीतरी पेणला घडलेले आणि आपल्याच कोणा पोराने रंगवलेले असतात. आमच्या घरातला असा एक पोरगा म्हणजे माझा पुतण्या. अडीच एकर कोरडवाहू, पाटण तालुक्यात. चार वर्षांपासून तो कच्च्या मूर्ती आणून गोठ्याशेजारच्या खोलीत रंगवतो. गेल्या साली त्याने एक कालवड विकली आणि एअरब्रश व छोटा कॉम्प्रेसर घेतला.

हा एअरब्रश म्हणजे काय, तर फवारणीच्या पंपाचे नातवंड. शाईच्या पेनाएवढी गन, तिच्यावर अंगठ्याएवढी रंगाची वाटी, मागून नळीने येणारी हवा. बोटाने चाप दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग सुटतो. नोझलचे भोक मिलिमीटरच्या दोन ते पाच दशांशांइतके. तुम्ही कपाशीवर किंवा द्राक्षावर फवारा मारला असेल तर पुढचे सांगायला नको: पाणी गढूळ असले, औषध नीट विरघळले नसले, जाळी फाटली असली की नोझल तुंबते. इथे भोक त्याहून कितीतरी बारीक, तेव्हा तुंबणेही त्याच मानाने जास्त.

पहिल्या हंगामात तसेच झाले. दिवसातून तीन-तीनदा गन खोलायची. रंगाच्या मोठ्या डब्यातून त्या चिमुकल्या वाटीत ओतताना निम्मा रंग जमिनीवर. आणि खरा घाव वेगळाच बसला. शेजारच्या वाडीने एकसारख्या पंचवीस मूर्ती सांगितल्या होत्या. अकरा मूर्ती झाल्यावर अंगाचा रंग संपला. दुसऱ्यांदा कालवला तो अंदाजाने, आणि उरलेल्या चौदा मूर्ती तांबूस निघाल्या. वाडीच्या माणसांनी अकरा नेल्या, चौदा ठेवल्या. त्या पुढे बाजारात पडेल भावाने गेल्या. कालवडीच्या पैशातले किती फिटले हा हिशेब घरात दिवाळीपर्यंत चालू होता. माझी वहिनी तेव्हा एवढेच म्हणाली, “यंदा बी तसंच झालं तर ती गन विकून टाक, गाय तरी परत घेऊ.”

गनचा दोष नव्हता. रंग मोजायला, कालवायला, गाळायला आणि वाटीत नेमका सोडायला हाताशी काही नव्हते. म्हणून वैशाखात, रानातली कामे हलकी असताना, आम्ही दोघे निघालो. आधी पुणे, मग मुंबई, मग पेण. पोराने मोबाइलवर रंग ढवळायचे एक यंत्र पाहून ठेवले होते, बाटली धरून गदागदा हलवणारे. “काका, एवढं घेतलं की झालं,” तो म्हणे. मी म्हटले, आधी बाजार बघू.

पुण्यात बाजार बघायचा म्हणजे तुळशीबाग. रामाचे देऊळ मध्ये, आणि भोवती बायकांच्या गरजेच्या साऱ्या जिनसा. पुरुष माणूस तिथे सहसा पिशव्या धरायला जातो. आम्ही मात्र भातुकलीच्या दुकानापुढे उभे राहिलो. तुळशीबागेतली भातुकली नावाजलेली आहे: बोटभर उंचीची कळशी, रुपयाएवढे ताट, आणि आम्हाला हवी होती ती चिमुकली गाळणी आणि रवी. गाळणी एअरब्रशच्या वाटीच्या तोंडावर बरोबर बसली. जाळी मात्र भरड होती. दुकानदारीणबाईंनी विचारले, “मुलगी केवढी आहे?” पोरगा लाजला. मी सांगितले, गणपतीच्या रंगासाठी हवी आहे. तेव्हा बाई म्हणाल्या, “मग आतून जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा लावा. सुती लावू नका, त्याची तुसं सुटतात.” ही एक गोष्ट त्या दिवशी फुकट मिळाली, आणि सबंध फेरीत हिच्याइतके मोलाचे दुसरे थोडेच मिळाले. नायलॉनच्या साडीचे विणकाम बारीक असते, धागा सुटत नाही, आणि धुतले की रंग निघून जातो. आपल्याकडे प्रत्येक घरात आईच्या किंवा आजीच्या पेटीत अशी एखादी साडी पडलेली असतेच.

तिथून रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. दोरखंड, कड्याकोयंडे, प्लॅस्टिकचे डबे, बाटल्या. शेतकऱ्याचा जीव रमेल अशी जागा. हॉटेलात टेबलावर लाल-पिवळ्या चटणीच्या टोकदार तोंडाच्या बाटल्या असतात, तशा रिकाम्या बाटल्या इथे डझनावारी मिळाल्या. दाबली की थेंब, जोरात दाबली की धार. टोक कापायचे ते अगदी थोडे; एकदा मोठे कापले की बाटली वाया. दुकानातल्या पोक्त माणसाने झाकणाच्या आत रबरी चकती आहे का ते बघून घ्यायला लावले. चकती नसेल तर बाटली आडवी पडली की रंग झिरपतो, आणि हवा शिरून टोकाशी सुकतो.

सायकलच्या दुकानासमोर पोरगा थांबला. कोणी तरी त्याला सांगितले होते की बाटलीत बेअरिंगचे छर्रे टाकून हलवले की रंग छान एकजीव होतो. हलतो खरा. पण साधा पोलादी छर्रा पाण्याच्या रंगात चार दिवसांत गंजतो, आणि पांढऱ्या रंगाला तांबूस झाक येते. बिनगंजी पोलादाचे मिळाले तर ठीक, नाहीतर पोरांच्या खेळातली काचेची गोटी. एका बाटलीत दोन गोट्या पुरतात. सायकलच्या चाकाची जुनी तार मात्र आम्ही घेतली. टोक हातोडीने चपटे करून थोडे वाकवले आणि तळव्यांत रवीसारखी फिरवली, की तळाशी बसलेला साका वर येतो. सेलवर चालणारी कॉफी घुसळायची छोटी रवी अलीकडे सगळीकडे मिळते. तिने काम झटपट होते, पण रंगाला ताकासारखा फेस येतो, आणि फेसाळ रंग गनमध्ये घातला की मूर्तीवर बुडबुड्यांचे डाग पडतात. घेतलीच तर कालवून झाल्यावर रंग तासभर निवांत ठेवावा.

मुंबईत आम्ही बोरीबंदरला उतरून चालत निघालो. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ सालची. दारावरच्या दगडी शिल्पात शेतकरी कोरलेले आहेत. ते काम लॉकवूड किपलिंग यांचे. आंबा-केळी विकायला येणाऱ्यांपैकी किती जणांनी मान वर करून ते पाहिले असेल, कोण जाणे. तिथून पुढे नागदेवी स्ट्रीट. हत्यारे, नट-बोल्ट, पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांचा हा जुना बाजार. इथे कॉम्प्रेसरच्या नळीवर बसवायचा पाणी पकडणारा काचेचा पेला मिळाला. त्याची गरज का, ते पुढे हमरापूरला कळले. घेताना आम्ही आपला विकणाऱ्याच्या भरवशावर घेतला.

मग प्रिन्सेस स्ट्रीट. हिचे नाव बदलून शामळदास गांधी मार्ग झाले, पण टॅक्सीवाला जुनेच नाव घेतो. दवाखान्याची आणि प्रयोगशाळेची सामग्री इथे मिळते. एका जुन्या दुकानात आम्ही पाऊण तास बसलो. गिऱ्हाईक लहान, खरेदी दोनशे-तीनशेची, तरी दुकानदाराने कपाटे उघडून दाखवली. काचेचे मोजमापाचे पेले पोराला फार आवडले. दुकानदार म्हणाला, “भाऊ, काच नका नेऊ. खेड्यात मूल येतं, मांजर येतं. प्लॅस्टिकचं न्या.” मग त्याने तीन वस्तू पुढे ठेवल्या.

पहिली, सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी. एक, पाच आणि वीस मिलिलिटर अशा तीन मापांची. डब्यात बुडवायची, खेचायची, रेघ बघायची, वाटीत सोडायची. सांडणे नाही, अंदाज नाही. दुसरी, मऊ प्लॅस्टिकचा ड्रॉपर, सबंध एका तुकड्यात ओतलेला, शेकड्याने मिळणारा. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. पण दाट रंगाचा थेंब वेगळा, आणि दुसऱ्या ड्रॉपरचाही वेगळा. म्हणून थेंब मोजायचे तर हंगामभर एकाच जातीच्या ड्रॉपरने मोजावेत. तिसरी वस्तू धुण्याची बाटली: दाबायची, आणि वाकड्या नळीतून पाण्याची बारीक धार येते. गनची वाटी धुवायला आणि रंग थेंबाथेंबाने पातळ करायला हिच्यासारखे काही नाही. लोटाभर पाण्याचे काम ती पेलाभर पाण्यात करते. आमच्या गावात वैशाखात ही गोष्ट लहान नाही.

इथे एक सांगणे आहे, आणि ते रंगवणाऱ्यांपेक्षा घरच्या बायामाणसांना जास्त आहे. रंगाची पिचकारी नवी, पाकीटबंदच घ्या. गुरांच्या दवाखान्यातली वापरलेली नको. आणि एकदा रंगाला लावलेली पिचकारी पुन्हा गुराच्या किंवा लेकराच्या औषधाकडे जाता कामा नये. कीटकनाशकाच्या बाटलीचे मापाचे झाकण तर रंगालाही नको आणि कशालाच नको. ते त्या बाटलीबरोबरच संपवायचे. रंगाच्या सामानाला लाल चिकटपट्टी गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवावे. पिचकारीचा दट्ट्या घट्ट झाला तर तेल सोडू नये, कारण तेलाचा अंश रंगात गेला की मूर्तीवर माशाच्या डोळ्यासारखे गोल ठिपके उठतात. पाण्याने धुवावी, फार तर बदलावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीने आम्ही हमरापूरला उतरलो. स्टेशन छोटे. गावात शिरलो तर घराघरातून एकच घरघर. पीठगिरणी नव्हे, कॉम्प्रेसर.

ज्या कारखान्यात आम्ही दिवस काढला तो एका काकींचा. वय पंचावन्नच्या पुढे. त्यांच्या सासूच्या काळात सगळे काम कुंचल्याने चाले. आज अंगावर मोठी गन मारतात, आणि गालावर, सोंडेच्या वळणावर, पोटाच्या कडेला लहान एअरब्रशने सावली देतात. डोळ्यांची आखणी मात्र अजून कुंचल्याने, आणि ती काकी स्वतःच करतात. हाताखाली गावातल्या पाच-सहा बायका. भाताची लावणी आली की त्याच बायका खाचरात जातात, आणि लावणी उरकली की पुन्हा रंगाला बसतात.

पोराने पिशवी उघडून आपली खरेदी मांडली. काकींनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. ड्रॉपर बाजूला ठेवला, पिचकारी ठेवून घेतल्यासारखी जवळ ओढली, चटणीची बाटली पाहून हसल्या आणि फळीकडे बोट केले. तिथे तशाच चाळीसेक बाटल्या, प्रत्येकीच्या टोकात एकेक टाचणी खोचलेली. टोक सुकू नये म्हणून.

मग पोराने चौदा मूर्तींची गोष्ट सांगितली. काकींनी ऐकून घेतले आणि कोपऱ्यातली झाकणाची बादली पुढे सरकवली.

“हे बघ बाळा, हे माझं यंत्र.”

बादलीत सबंध हंगामाचा अंगाचा रंग होता. त्यांची रीत अशी: जेवढ्या मूर्ती धरल्या तेवढ्यांना पुरून थोडा उरेल इतका रंग एकाच वेळी, एकाच बादलीत कालवायचा. चार डबे आणले असतील तर चारही त्यातच ओतायचे, कारण एकाच नावाच्या दोन डब्यांत सुद्धा फरक असतो. हा रंग दाटच ठेवायचा. त्यात पाणी घालायचे नाही, कारण विहिरीचे पाणी घातलेला रंग पावसाळ्यात आंबतो आणि वास मारतो. रोज सकाळी त्या दिवसापुरता काढून घ्यायचा, तेवढाच पातळ करायचा. पातळ किती? काकींनी भांडे कलते करून दाखवले. रंग कडेवरून दुधासारखा ओघळला पाहिजे, मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. दह्यासारखा गोळा सरकला तर पाणी कमी. ताकासारखा निथळून भांडे कोरे झाले तर पाणी जास्त.

आम्ही दोन शहरे पालथी घालून थेंब मोजायची साधने गोळा केली, आणि उत्तर निघाले बादली! मला तरी याचे हसू आले. पण माझे मत असे, की दोन्ही हवीत. काकींच्या हातावर हजारभर मूर्ती जातात, त्यांना बादली परवडते. शे-सव्वाशे मूर्ती करणाऱ्याला अंगाच्या रंगाची बादली आणि पीतांबर, शेला, उंदीर, आसन यांच्या रंगासाठी पिचकारी व वही, असा मेळ घालावा लागतो. वहीत लिहायचे: पिवळा ४० मिलिलिटर, पांढरा ८, नारिंगी २, तारीख, आणि कोणत्या डब्यातला. काकींच्या कारखान्यात वहीच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. फुटलेल्या मूर्तींचे कान, हात, मोदक फेकत नाहीत. प्रत्येक नव्या रंगाचा हात त्या तुकड्यावर मारून, वाळवून, मागे नंबर घालून दोरीला टांगतात. ताज्या रंगाची तुलना ओलेपणी करायची नाही. हे पाण्याचे रंग वाळल्यावर एखादी छटा गडद होतात. पुतण्याच्या चौदा मूर्ती नेमक्या तिथेच फसल्या होत्या. त्याने ओला रंग वाळलेल्या मूर्तीशेजारी धरून जुळवला होता.

पाण्याच्या पेल्याचा उलगडाही तिथेच झाला. कोकणातली आषाढातली हवा म्हणजे अर्धे पाणीच. कॉम्प्रेसर ती हवा दाबून टाकीत भरतो, तिथे पाणी सुटते आणि नळीतून गनमध्ये येते. मग एकसारखा फवारा उडता उडता मध्येच थुंकल्यासारखा थेंब पडतो, नेमका गालावर. म्हणून संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचे, आणि नळीवर तो पेला बसवायचा. बारीक कामाला दाब वीस-पंचवीस पौंडांच्या वर नेत नाहीत.

दुपारी जेवताना मी त्यांना सांगितले, की या गनचा पहिला कारागीरही काही मोठा कारखानदार नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, म्हणजे मक्याच्या मुलखात, ॲब्नर पीलर नावाच्या माणसाने १८७९ च्या सुमारास जडजवाहिराच्या कामाच्या खोलीतल्या मोडक्यातोडक्या सामानातून रंग उडवायचे हे साधन जुळवले. हवा हाताने भरावी लागे. ते सुधारून चालते व्हायला आणखी चार वर्षे गेली. पुढे चार्ल्स बर्डिक याने आजच्या रूपाच्या जवळ जाणारी गन केली आणि ती १८९३ साली शिकागोच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. काकी म्हणाल्या, “म्हणजे त्यानंही घरातलंच सामान वापरलं की!” आणि मेंदीचा कोन दाखवायला उठल्या. दागिन्यांची उठावाची सोनेरी रेघ त्या मेंदीच्या कोनाने काढतात. दाट रंग भरायचा, टोक टाचणीएवढे ठेवायचे.

कारखान्यात दोन तऱ्हांचे गणपती दिसले: प्लॅस्टरचे आणि शाडूचे. प्लॅस्टर राजस्थानच्या जिप्समचे, शाडू गुजरातेतून येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाच्या सूचना सुधारल्या आणि प्लॅस्टरला मनाई केली, तेव्हापासून या गावांचा जीव टांगणीला आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नदी-समुद्रात त्या बुडवायला मोकळे रान दिले नाही. काकींनी आपल्यापुरता निर्णय घेऊन शाडूचे काम वाढवले आहे. “प्लॅस्टर आठ जण करू शकतील तिथं शाडूला पंधरा लागतील, आणि फुटतंही जास्त. पण पोरांच्या हाताला काम तर राहील,” असा त्यांचा हिशेब.

शाडूवर रंग मारायची रीत वेगळी. माती पाणी पिते. गन जवळ धरून भिजवली तर पृष्ठभाग मऊ होतो आणि सोंडेच्या वळणाला भेग जाते. म्हणून आधी पांढऱ्याचा हात देऊन वाळवायचे, मग लांबून हलके फवारे, एक वाळला की दुसरा.

काही गिऱ्हाइके गेरू-हळदीचेच रंग मागतात. आपल्याकडच्या लोकांना हे रंग परके नाहीत, पण गनला परके आहेत. गेरूचा कण भरड. तो निवळून घ्यावा लागतो: पाण्यात ढवळायचा, दोन-तीन मिनिटे थांबायचे, जड कण तळाशी बसले की वरचे तांबडे पाणी दुसऱ्या भांड्यात अलगद ओतायचे. असे तीनदा केल्यावर शेवटच्या भांड्यात रात्रभर जे बसते ते वस्त्रगाळ. त्यात बाभळीचा डिंक, आदल्या रात्री भिजवून नायलॉनमधून गाळलेला. बाभूळ आपल्या बांधावरच आहे, तेव्हा हा खर्च नाही. हळदीचे दोन स्वभाव ध्यानात ठेवावेत. ती उन्हात फिकी पडते, आणि चुना किंवा सोडा लागला की लाल होते. कुंकू करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चुन्याचा हात दिलेल्या मूर्तीवर हळदीचा पीतांबर रंगवाल तर तो केशरी-तांबडा निघेल.

एक गोष्ट मला तिथे आवडली नाही, आणि ती काकींच्याच नव्हे, बहुतेक कारखान्यांत दिसली. गन मारणाऱ्या बायकांच्या तोंडाला साधा रुमाल असतो. पाण्याचा रंग झाला म्हणून त्याचा फवारा फुप्फुसाला मानवतो असे नाही. संध्याकाळी त्या नाक शिंकरतात तर पिवळे-गुलाबी निघते. गाळणीचा मुखवटा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो लावावा, आणि शेडच्या एका कडेला पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवावा. थिनरचे रंग असतील तर जवळ चूल, विडी, काहीही नको. पुतण्याने त्या रात्रीच मुखवटे घेतले, एक स्वतःला आणि एक आईला, कारण पांढऱ्याचा पहिला हात ती मारते.

रंगांचा क्रमही काकींनी लावून दिला. दिवसाची सुरुवात पांढऱ्याने, मग पिवळा, मग अंगाचा, मग नारिंगी-लाल, शेवटी निळा आणि काळा. फिकट रंगाकडून गडद रंगाकडे गेले की मधे गन नुसती खळबळली तरी चालते. उलट गेले तर प्रत्येक वेळी खोलून धुवावी लागते.

गाडीत बसल्यावर ते बाटली हलवायचे यंत्र घ्यायचे का, असे मी पोराला विचारले. तो म्हणाला, “राहू द्या काका, त्या पैशात पाच झाकणाच्या बादल्या येतील.” यंदा त्याने दीडशे कच्च्या मूर्ती आणल्या आहेत. अंगाचा रंग एका बादलीत कालवून झाला आहे, आणि गोठ्याच्या तुळईला कान, हात, मोदक टांगले आहेत. वाडीच्या माणसांना त्याने नमुन्याचा रंगवलेला कान आधीच नेऊन दाखवला. त्यांनी पुन्हा पंचवीस सांगितल्या आहेत, विसार मात्र निम्म्याच मूर्तींचा दिला.

कोणाला जायचे असेल तर पुण्याहून अलिबागची एस.टी. खोपोलीवरून पेणला जाते. मुंबईकडून रेल्वे किंवा पनवेलहून एस.टी. आहे. पेण स्टँडवरून हमरापूर, जोहे, तांबडशेतला रिक्षा मिळतात. होळीनंतर ते वैशाखअखेर जावे. तेव्हा कच्च्या मूर्ती निवडायला मिळतात आणि माणसे बोलायला मोकळी असतात. आषाढ लागला की तिथे कोणाला मान वर करायला सवड नसते. कच्ची मूर्ती घेताना बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावा. बद्द वाजली तर आत भेग आहे. मूर्ती भाताच्या पेंढ्यात बांधून देतात. आणि परतताना पोह्यांसाठी एक पिशवी रिकामी ठेवावी.